पायी जाणाऱ्यांचा रकाना

मंगळवार, १९ नोव्हेंबर १९८५

उद्याच्या वाहतुकीचा अंदाज बांधता यावा म्हणून प्रवाशांची पाहणी करत हिंडताना आज माझ्या उजव्या चपलेचा अंगठा शहीद झाला. मोहन्याजवळच्या वाडीत एका मासळीवालीने तो जाळ्याच्या दोऱ्याने शिवून दिला. मी विचारलं, "मावशी, कल्याणच्या बाजाराला कशाने जाता?"

"पायी. सून पोटुशी हाय, ती पन पायीच. बस कवा येनार?"

पाहणीच्या छापील फॉर्मात बस आहे, रेल्वे आहे, पायी जाणारं कुणी नाही. कचेरीतले साहेब म्हणाले, "शून्य लिहा." शून्य प्रवासी म्हणून बस नाही, आणि बस नाही म्हणून शून्य. मागच्या पाहणीतही या वाडीसमोर मीच शून्य लिहिलेलं. तेव्हा इथे कुणाला साधं विचारलंही नाही. का?

आता पट्टीने 'पायी' असा रकाना आखला. साहेब खोडतील बहुधा. पहिल्या ओळीत मावशीचं नाव लिहिलं, दुसऱ्या ओळीत सुनेचं.