तास्कूला किती बटणं असावीत

३ मे, शुक्रवार
बोलणं बस झालं. आजपासून कृती.

हातात मावणारं, गेम खेळता येणारं आणि वेळ पडली तर चार ओळींचं पत्रही टाइप करता येणारं यंत्र जगात अजून कुणालाही धड जमलेलं नाही. एकाची बटणं फुसकी. दुसऱ्याची बॅटरी जेवायच्या सुट्टीपर्यंत टिकत नाही. तिसरं उन्हात धरलं की स्वतःचाच चेहरा दिसतो, आणि तो बघायला कोण पैसे देणार?

मी फोनच्या कारखान्यात कीपॅड विभागात उमेदीची सगळी वर्षं काढली. बटण दाबल्यावर बोटाला काय वाटलं पाहिजे, हे ओउलू शहरात माझ्याइतकं कुणाला कळत असेल तर त्याने समोर यावं. कारखाना बंद पडला, माझी बोटं नाही. सध्या वाचनालयात प्रिंटरमध्ये अडकलेले कागद काढतो, पण ते तात्पुरतं आहे. नऊ वर्षं झाली.

नाव ठरलं. तास्कू. म्हणजे खिसा. आत मावेल तेच यंत्र, बाकी सगळं सामान.

संध्याकाळी सौनात, म्हणजे इमारतीच्या वाफेच्या खोलीत, जाहीर केलं. शुक्रवारी आमच्या इमारतीत पुरुषांची पाळी असते. पुरुष म्हणजे मी आणि खालच्या मजल्यावरचा टाइस्तो, बर्फ फोडणाऱ्या जहाजावरून रिटायर झालेला. त्याला सगळी कल्पना नीट समजावली. तो काही बोलला नाही. तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं आणि डोळे मिटले.

म्हणजे पूर्ण पाठिंबा. काही खटकलं असतं तर 'हं' म्हणाला असता.

५ मे, रविवार
आमची सेन्या ऑगस्टमध्ये कायानीला चालली, गेम बनवायचं शिकायला. पोरीने शिकायच्या आधीच एक छोटासा गेम बनवलाय. सकाळी कॉफी पिताना म्हणाली, बाबा, खेळून बघशील का? लॅपटॉपवर चालतो, पाव तासात संपतो.

लॅपटॉपवर! लेकीचा पहिलावहिला गेम, आणि तो मी त्या खडखडणाऱ्या कीबोर्डवर खेळू? सोन्याच्या ताटात शिळी भाकरी वाढतात का? मी तिला शब्द दिला. तुझा गेम मी खेळेन तो तास्कूवरच. आणि तू जायच्या आत.

ती म्हणाली, बरं.

खूश दिसली. निदान नाराज आहे असं काही बोलली तरी नाही. आता मात्र माघार नाही. ऑगस्टच्या आत तास्कू तयार.

१२ मे
बटणांची संख्या पक्की केली: चौदा.

१३ मे
अठरा. चार बटणं मागच्या बाजूला. मागे बोटं रिकामी बसलेली असतात, ऐतखाऊ कुठली.

१७ मे, शुक्रवार
बायको, राइया, बटाटे सोलता सोलता विचारत होती, सेन्याचा गेम पाहिलास का म्हणून. म्हटलं, तिने परत विचारलेलंच नाही. आपल्याकडे एकदाच विचारतात. दोनदा विचारणं म्हणजे दारात हात पसरणं, आणि आपली पोर तसली नाही. परत विचारत नाही याचा अर्थ सरळ आहे, तिला घाई नाही.

राइयाने माझ्याकडे बघितलं. बटाट्याची साल जरा जाडच निघाली.

सौनात टाइस्तोला अठरा बटणांचं सांगितलं. शांत. दुसऱ्या आठवड्यातही पाठिंबा कायम.

२ जून
महत्त्वाचा शोध. जगातली सगळी हँडहेल्डं कॅलिफोर्नियात नाहीतर क्योतोत बसून आखली जातात. तिथे हातमोजे घालून बस स्टॉपवर कोण उभं राहतं? उणे तीसमध्ये लोकरीचे हातमोजे घालून दाबता आलं पाहिजे. म्हणून बटणं मोठी हवीत. बटणं मोठी म्हणजे यंत्र रुंद. यंत्र रुंद म्हणजे स्क्रीन मोठा. स्क्रीन मोठा म्हणजे बॅटरी मोठी. तर्कशुद्ध.

हिवाळी कोटाच्या खिशात घालून पाहायला त्याच मापाचा पुठ्ठा कापला. कोपरा बाहेर राहतो. कोट सदोष आहे.

९ जून
नुसत्या गेमचं यंत्र म्हणजे खेळणं. मोठ्या माणसाला लिहिताही आलं पाहिजे. पूर्ण कीबोर्ड घातला. त्याला जागा हवी म्हणून बिजागरी. आता ते पुस्तकासारखं उघडतं. वरती स्क्रीन, खाली कीबोर्ड.

राइयाला आकृती दाखवली. म्हणाली, इल्पो, हा लॅपटॉप आहे.

लोकांचे दात स्वच्छ करण्यात तिचा हात कुणी धरणार नाही, दातांच्या दवाखान्यात सगळे तिचंच नाव घेतात. पण तंत्रज्ञान हा वेगळा विषय.

२१ जून, मिडसमरच्या सणाची सुट्टी
तळ्याकाठच्या लाकडी कॉटेजवर. इथे वीज नाही. उत्तम. मोठे शोध विजेशिवायच लागले, वीजसुद्धा.

आणलेल्या आल्डरच्या लाकडातून तास्कूचा पूर्ण आकाराचा नमुना कोरला. दोन दिवस. अठरा बटणं, प्रत्येक गोल, सँडपेपरने घासून गुळगुळीत. डाव्या अंगठ्याला फोड. धरल्यावर काय वाटलं म्हणून सांगू! मूल पहिल्यांदा हातात दिलं होतं तेव्हा इतकं नीट धरता आलं नव्हतं.

अंगणात ओट्यावर ठेवून सॉसेज आणायला गेलो. मेहुणा एन्सिओ तेवढ्यात सौनाची भट्टी पेटवत होता. विचारलं, इथला लाकडी नमुना कुठे आहे? म्हणाला, ते होय, छान वाळलेलं होतं, एका काडीत पेटलं.

सौनात जाऊन बसलो. वाफ चांगली होती, हे मान्य करायला हवं.

सेन्या आणि राइयाची आई धक्क्यावर लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. आजी अशी खिदळत होती की तळ्यावरचे बगळे उडाले. सेन्याचाच गेम असणार. मी पाठ करून बसलो. शब्द म्हणजे शब्द, मध्येच डोकावून मजा घालवायची नाही. पाठीला गार वारा लागत होता, पण बसलो.

१२ जुलै, शुक्रवार
जुलैत या देशात काही होत नाही, सगळे सुट्टीवर. सर्किट बोर्डवाल्याला फोन केला, तो कॉटेजवर. स्क्रीनवाल्याला केला, त्याचं यंत्रच बोललं, पाच ऑगस्टनंतर फोन करा म्हणालं. मी तरी काय करणार? नाचता येईना असं म्हणणाऱ्यांनी एकदा अंगण बघून जावं.

नमुन्याची बटणं मात्र आली. चाळीस प्रकार. एकेक दाबून पाहतोय. खटक. खटक. क्रमांक सात आणि क्रमांक बावीस यांत निवड होत नाही. सात प्रामाणिक आहे, बावीस लाघवी.

राइयाने सांगितलं, आणखी एक खटक ऐकू आली तर तळघरात जायचं. आता तळघरात लिहितोय.

२६ जुलै, शुक्रवार
आज सौनात टाइस्तो बोलला. अख्खं वाक्य! म्हणाला, पोरीचा गेम खेळलास का?

मी त्याला परत नीट सांगितलं: तास्कूवर, तयार झाला की, जायच्या आत, शब्द दिलाय. त्याने दगडांवर एवढं पाणी टाकलं की माझे कान पेटले आणि मला खालच्या पायरीवर उतरावं लागलं. तो वरतीच बसून राहिला.

उत्साहाच्या भरात काही माणसांना प्रमाण राहत नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार
आज इतिहास घडला. क्रमांक सात निवडला. पुठ्ठ्याच्या पेटीत बसवला, वायर जोडली, बॅटरी जोडली. दाबला. लाल दिवा लागला. सोडला. विझला. पुन्हा दाबला. पुन्हा लागला! तळघरात एकटाच ओरडलो. वरून कुणीतरी पाय आपटला.

सेन्या खाली आली. तिला दाबायला दिलं. छान आहे बटण, म्हणाली. आणि मनापासून म्हणाली, मला कळतं. थोडा वेळ तशीच उभी राहिली, सायकलींच्या मधे. मग म्हणाली, बाबा, आज खेळायचं का? परवा-तेरवा मी सामान बांधायला घेईन. लॅपटॉप वर आहे. दोन मिनिटांत लावते.

मी म्हटलं, अगं वेडे, एक बटण झालंय, आता सतराच राहिली! आता कुठे घोडं गंगेत न्हायला लागलंय आणि तू लॅपटॉप काढतेस?

ती म्हणाली, राहू दे मग.

समजूतदार पोर आहे.

रात्री जेवताना राइया एक शब्द बोलली नाही. मासे वाढले ते माझ्या ताटाच्या कडेवर. मी विचार केला, ती बटणाचं कौतुक मनात साठवते आहे. पण मग आठवलं, सेन्याने आज दुसऱ्यांदा विचारलं. दोनदा. मे महिन्यात एकदा आणि आज. आमच्या घरात कुणी कुणाला एक गोष्ट दोनदा विचारलेली मला आठवत नाही.

दुसऱ्या बटणाचं सोल्डरिंग उद्या करू. आज तळघराचा दिवा लवकर मालवला.

१८ ऑगस्ट, रविवार
सेन्या गेली. एन्सिओच्या व्हॅनमध्ये पलंग, सायकल, दोन कुंड्या आणि ती. तीन बटणं चालू स्थितीत आहेत हे मी तिला निघताना सांगितलं. म्हणाली, वा बाबा. मग माझ्या हातात एक पेन ड्राइव्ह ठेवला. वेळ मिळाला की बघ.

मी म्हटलं, तास्कूवरच बघणार. ती म्हणाली, माहितीये रे. पाठीवर थोपटलं मला. खरं तर बापाने लेकीला थोपटायचं असतं. माझ्या हातात पक्कड होती.

शब्द थोडा हुकला. पण अधिकृतरीत्या ती अजून गेलेली नाही. तिचे हिवाळी बूट इथेच आहेत.

२३ ऑगस्ट, शुक्रवार
सौनात टाइस्तोला सांगायला काही नव्हतं. दोघंही गप्प बसलो. पहिल्यांदाच ते जड गेलं.

२५ ऑगस्ट, रविवार
केवळ तांत्रिक कारणासाठी पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला. खेळायला नाही. गेमला नेमकी किती बटणं लागतात ते कळल्याशिवाय पुढचं आरेखन करता येत नाही. हे आधीच करायला हवं होतं, पण कुणी सुचवलं नाही.

बटणं लागतात दोन.

एकाला एक. गेम दोघांचा आहे. तळ्यात एक नाव आणि नावेत दोन माणसं. एकाच्या हातात डावं वल्हं, दुसऱ्याच्या हातात उजवं. शेजारी शेजारी बसायचं, आपापलं एक बटण दाबायचं आणि पलीकडच्या काठाला लागायचं. बस. पडद्यावर आलं, 'दुसरा खेळाडू येऊन बसेपर्यंत थांबा.'

मी थांबलो. मग म्हटलं दोन हात आहेत, दोन बटणं दाबू. नाव जागच्या जागी गोल फिरायला लागली. वेग बदलून पाहिला. उलटी गोल फिरली. अठरा बटणांचा माणूस मी, मला दोन आवरेनात.

दमून हात काढला तेव्हा नीट बघितलं. नावेतली एक मुलगी आहे, वेणी घातलेली. दुसरा माणूस टोपीवाला. टोपी माझी आहे, मच्छीमारीची, कानाशी फाटलेली. त्याचं बटण दाबलं नाही तर तो वल्हवत नाही, स्वतःच्या तळहातात काहीतरी धरून त्याच्याकडे टक लावून बसतो. मुलगी एकटी वल्हं मारते, थांबते, त्याच्याकडे बघते. परत मारते. काही बोलत नाही.

हे किती वेळ बघत बसलो, लिहीत नाही.

राइया तिच्या आईकडे गेली होती. खाली जाऊन टाइस्तोचं दार वाजवलं. म्हटलं, जरा वर येतोस का, एक तांत्रिक अडचण आहे. त्याने काही विचारलं नाही. स्लिपर घातल्या, आला, लॅपटॉप पाहिला आणि थेट डाव्या बाजूला बसला. बोट बरोबर आपल्या बटणावर. कुठलं ते मी सांगितलंच नव्हतं. म्हणाला, वसंत ऋतूपासून खेळतोय मी तिच्याबरोबर. रविवारी.

पलीकडच्या काठाला लागलो. मध्ये दोनदा तो म्हणाला, हळू, घाई करू नकोस, तिच्याकडे बघ. पाव तासात संपला, ती म्हणाली होती तसाच. चांगला आहे. फार चांगला आहे. माझ्या पोरीने केलाय आणि फार चांगला आहे, हे मला ऑगस्ट संपता संपता कळतंय, आणि तेही टाइस्तोच्या शेजारी बसून. लाज वाटली. लिहून ठेवतो, वाटली.

टाइस्तो गेल्यावर सेन्याला फोन केला. म्हटलं, खेळलो. तिने विचारलं, तास्कूवर? म्हटलं, लॅपटॉपवर. तिने विचारलं, कसा वाटला? म्हणायचं होतं बरंच, पण तोंडातून निघालं, वाईट नाही.

आमच्याकडे याच्याहून मोठं कौतुक नसतं. तिला ते माहीत आहे. असायला हवं.

तिने विचारलं, कुणाबरोबर खेळलास? म्हटलं, टाइस्तोबरोबर.

ती गप्प झाली. मी म्हटलं, नाताळात तू आलीस की आपण दोघं खेळू, मी उजवीकडे बसेन. तरीही ती गप्प. मागे कुणाच्या तरी हसण्याचा आवाज, वसतिगृहातल्या पोरी असतील. मी वाट बघितली.

ती होकाराची शांतता नव्हती. एवढं मलाही कळलं.