अक्कांच्या लुगड्यावर टांगलेलं झाड

१२ फेब्रुवारी १९८७, अमळनेर
शेजारच्या नानांच्या हौदातलं पाणी लाल झालं. मागच्या अंगणातल्या काटेरी झाडाची जाड फांदी मोडून आत पडली होती. म्हैस पाण्याला तोंड लावेना. मी फांदी चिरून पाहिली. आत नारिंगी, वारा लागताच लाल. लाकूड लाल, पाणी लाल, अर्थात रक्तचंदन! शाळेत संस्कृत शिकवणाऱ्याला एवढं अनुमान पुरतं. नाना गहिवरले. बातमी आजच्या टपालाने जळगावच्या दैनिकाला.

१६ फेब्रु.
छापून आली. चौकटीत. 'आमच्या अमळनेरच्या वार्ताहराकडून.' नानांनी झाडाभोवती बाभळीचं कुंपण घातलं. काटेरी झाडाला काट्यांचं संरक्षण.
अक्का, म्हणजे नानांची मंडळी, कुंपणाकडे पाहून आत गेल्या. झाडाशी त्यांचं वैर जुनं. वाळत घातलेली लुगडी फाडतं, आणि त्या जागी त्यांना म्हशीसाठी नवा गोठा हवाय. पण रक्तचंदन कोण तोडेल?
सौ. म्हणाली, तुमच्या बातमीने काहीतरी थांबलं, पहिल्यांदाच.

१ मार्च
पिंपळनेरहून एक गृहस्थ एस.टी.ने आले, तोंडावरच्या डागांना उगाळायला र. चं. मागायला. नानांनी ढलपी दिली, वर चहा पाजला.

३ मार्च
रहीमचाचा आले. रंगारी गल्लीतले शेवटचे रंगारी. हल्ली गाद्या भरतात. बातमी वाचून मुद्दाम आले. नानांनी ढलपी पेल्यात टाकून दाखवली. पाणी लाल. नाना माझ्याकडे, मी चाचांकडे.
"पंडितजी, रक्तचंदन पानी में रंग नहीं छोडता. ये पतंग है, रंगाई की लकडी."
म्हणजे ज्या पुराव्यावर मी निकाल दिला, तोच माझ्याविरुद्ध. मग त्यांनी एका पेल्यात चुना टाकला, पाणी किरमिजी. दुसऱ्यात लिंबू पिळलं, पिवळं. नाना पेल्यांकडे पाहत राहिले.
चाचा सांगत होते: ओंडके पूर्वी गलबतातून बंदरावर उतरायचे, तिथून गाड्यांनी इकडे. लुगडी, गुलाल, पोथ्यांची तांबडी शाई, सगळं यातलं. त्यांच्या आजोबांनी कोकणातून बी आणून इथे लावलं. हे अंगण तेव्हा रंगाऱ्यांचं वाळवण होतं. मग डब्यातला विलायती रंग आला. कढया मोडीत गेल्या, झाड राहिलं.
घरी येऊन आजोबांची पोथी काढली. श्लोकांच्या शेवटी तांबडे दंड. चाळीस वर्षं त्यांवर बोट ठेवून वाचतोय. झाड भिंतीपलीकडे.

४ मार्च
नाना म्हणाले, "मास्तर, खुलासा छापू नका." पण अक्कांनी काल सगळं दाराआडून ऐकलेलं. आज दाराआडची कुऱ्हाड धार लावायला लोहाराकडे गेली.
चाचांनी मध्यस्थी केली. मोडलेली फांदी द्या, अक्कांचं एक विटकं लुगडं रंगवून देतो. पसंत नाही पडलं तर खुशाल तोडा.
अक्का म्हणाल्या, "रंग शे तवलोंग झाड शे. रंग गया का कुऱ्हाड."

१५ मार्च
रंगवणी. आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवणं, मग तुरटी, मग लाकडाचा काढा. नानांनी चुलीला स्वतः फुंकर घातली. चाळीस वर्षांच्या संसारात अपूर्व. रंग असा चढला की मला उपमा सुचेना, हेही अपूर्वच. अक्कांनी पदर खांद्यावर टाकून पाहिला. "बरा शे." अक्कांच्या तोंडून ही स्तुती आहे.
निघताना चाचा मला बाजूला घेऊन म्हणाले, हा रंग उन्हात टिकत नाही.
किती दिवस?
"खानदेश का ऊन है पंडितजी. दुआ करो."

२ एप्रिल
खुलासा धाडला होता, आला. शेवटच्या पानावर, हरवलेल्या गाईखाली. कोणी वाचला नसावा. पिंपळनेरचे गृहस्थ पुन्हा आले, डाग जरा कमी झालेत म्हणे.

९ एप्रिल
अनर्थ. अक्कांच्या सुनेने लुगडं साबणाने धुतलं, जांभळं पडलं. नाना कुऱ्हाड गोठ्यात लपवून चाचांकडे पळाले. उपाय: लुगडं चिंचेच्या पाण्यातून बुडवून काढा. लाली परत आली. तेव्हापासून नाना बायकोचं लुगडं स्वतः रिठ्याने धुतात आणि माजघरात दोरीवर, सावलीत, वाळवतात. गल्लीत चर्चा. मी बातमी केली नाही. माणुसकी म्हणून एक वस्तू असते.

३ मे
आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. नानांच्या तिन्ही लेकी माहेरी. अक्का तेच लुगडं नेसून झोक्यापाशी उभ्या. थोरली म्हणाली, "माय, हाऊ रंग कोठून आना? माले बी जोयजे." धाकट्या दोघींचंही तेच. अक्का खुलल्या. नाना मात्र पांढरे पडले: इतका रंग हवा तर गाभ्याचं लाकूड लागणार, म्हणजे खोडच. चाचांनी मुलींना सांगितलं, शेंगा धरल्या आहेत, बी लावा. दहा-बारा वर्षांनी या. थोरली म्हणे, तोवर मी सासू होईन.

१९ मे
ऊन मरणाचं. सकाळी भिंतीवरून पाहिलं. अक्का माझ्याकडे पाठ करून लुगडं नेसत होत्या. खांद्यावरचा भाग पार उडालाय, गुलाबीसुद्धा म्हणता येणार नाही. त्यांनी पदर उलटा घेतला, विटकी बाजू आत, आणि निऱ्या अशा काढल्या की लाल तेवढंच वर. मी नजर वळवायला हवी होती. वळवली, जरा उशिरा.
दुपारी ताक द्यायला आल्या तेव्हा राहवलं नाही.
"अक्का, रंग कसा आहे?"
"शे ना."
"उन्हात जातो म्हणतात."
त्यांनी पदर खोचला. "मास्तर, तुम्हले रक्तचंदन बी दिसनं व्हतं."
ताक पिऊन टाकलं. कुंपणाच्या एका कोपऱ्यात नव्याने खणलेली तीन छोटी आळी दिसली, ओली. कोणी खणली, विचारलं नाही. कुऱ्हाड गोठ्यातून पुन्हा दाराआड आलीय. धार तशीच.