पुढचा ठोका

१२ जून, दुपार

प्रिय ठोक्या,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील, वेळेवर जेवत असशील आणि तुझ्या त्या कर्कश गाण्यांपायी शेजाऱ्यांनी अजून तुला घराबाहेर काढलं नसेल, असं धरून चालते. अक्षर वाकडंतिकडं आलंय, शिवणाचं टेबल डुगडुगतंय. आई मजेत आहे. तिला या पत्रातला चकार शब्दही सांगू नकोस.

झालंय असं, की डोकं दुखतं म्हणून डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. म्हटलं, त्यात काय, आडवंच तर पडायचंय! पण त्या बोगद्यात नाक छताला टेकेल एवढीच जागा, डोकं अडकवलेलं, हातात घाबरलात तर दाबायचा रबरी फुगा. कानात मी आपली नेहमीची संथ, गोड गाणी मागितली होती. गाणं जरा सुरू होतंय तोच मशीनची धाडधाड सुरू. मग एकदम गप्प. मग भलत्याच आवाजात खडखडाट. दर वेळी मी दचकायची! शेवटी फुगा दाबला आणि लाज सोडून ओरडले. मी हलले म्हणून फोटो सगळे धुरकट.

मशीनवरची मुलगी हसली नाही. म्हणाली, "मावशी, पुढच्या वेळी ठोक्यांची गाणी आणा. गोड गाण्याचं याच्यापुढे काही चालत नाही."

ठोक्यांची! म्हणजे तुझीच की. तू फोनवर पाठवलेली, मी कधी न उघडलेली. दुकान बंद करून कापड बेतायच्या टेबलावर त्या बोगद्यात असल्यासारखी, हात अंगाशी धरून ताठ झोपले आणि लावली. पहिलं अर्ध्यातच बंद केलं. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लक्षात आलं, पुढचा ठोका कुठे पडणार ते मला आधीच ठाऊक होतं. आणि तो तिथेच पडला. परत तिथेच. मेल्या, मला वाटायचं नुसती आदळआपट! आवडलं असं लगेच म्हणणार नाही, तेवढी मी सुधारलेले नाही. आणि तो गाणारा एवढा किंचाळतो कशाला रे?

टेबलाचं खोटं सांगितलं. टेबल ठणठणीत आहे, माझा उजवा हात ऐकत नाही. सुई बोटांतून गळते आणि गळलेली कळतही नाही. डॉक्टर म्हणाले, काहीतरी दिसतंय, पण धुरकट फोटोवरून सांगता येणार नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा जायचंय. या वेळी हलून चालणार नाही.

एका माणसाला आत बसू देतात. तू ये. कानातल्या त्या सगळ्या बाळ्या काढाव्या लागतील, आत धातू चालत नाही. तुझी गाणी ती मुलगी बाहेरून लावेल, पण मशीन फारच ओरडलं तर मला ठोका सापडायचा नाही. पाय बोगद्याबाहेर असतात. माझ्या पावलावर हात ठेव आणि बोटाने हळूच ताल धर. मध्येच सोडू नकोस. काय निघायचं ते निघू दे, ते नंतर बघू.

मला फार भीती वाटतेय रे.

तू आलास तर अजिबात न हलणारी,
तुझी ताई