तळातून कापलेला परिच्छेद

मी, खाली सही करणारी, एका दैनिकात टीव्हीवरच्या मालिकांची परीक्षणं लिहून निवृत्त झालेली विधवा बाई, राहणार याच घरी, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी काही कर्तव्य नाही. हा कागद मी स्वतःच्या हाताने, पाठीमागे कोणी उभं नसताना, कोणाच्या भिडेखातर नव्हे तर चांगलीच चिडून करत आहे. वकील म्हणाले, रागाच्या भरात मृत्युपत्र करू नये. मी म्हटलं, राग ओसरायची वाट बघत बसले तर मृत्युपत्राशिवायच जाईन. यापूर्वी यजमान हयात असताना केलेलं मृत्युपत्र आजपासून रद्द समजावं.

वकिलांचं दुसरं म्हणणं असं की सगळ्यात मोठी मिळकत आधी लिहावी आणि किरकोळ सामान शेवटी. ते मी ऐकलेलं नाही. घराचं शेवटी येईल.

कलम एक. टीव्ही संच माझ्या धाकट्या भावाला द्यावा. त्याच्या आवाजाचं बटण बिघडलेलं आहे, त्यामुळे आवाज कमी होत नाही. भावाचंही तसंच आहे, तेव्हा दोघांचं जमेल. याहून जास्त काही त्याला देऊ नये. तो विचारील, ‘ताईने माझ्यासाठी एवढंच ठेवलं?’ त्याला चौथं कलम वाचायला द्यावं.

कलम दोन. खाजगी गुप्तहेराच्या त्या जुन्या मालिकेचे सगळे भाग माझ्याकडे आहेत. दर आठवड्याला परीक्षण लिहायचं म्हणून मी ते घरच्या यंत्रावर टेप करून ठेवत असे. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: उन्हाळा असो की हिवाळा, एकच कोट घालणारा हा गृहस्थ शेवटी सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात बसवतो, उठून छताचा पंखा बंद करतो आणि मग खुन्याचं नाव घेतो. मी त्याला परीक्षणात ‘पंखेवाला’ म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं की रस्त्यातून जाताना त्या नटाला पोरं त्याच नावाने हाका मारायची. त्याने माझ्याशी बोलणं सोडलं. माझं काही अडलं नाही.

वाहिनीने स्वतःच्या टेपा पुसून त्यांच्यावर सामने टेप केले. आता तीच वाहिनी या मालिकेला अजरामर म्हणते आहे आणि नव्याने दाखवते आहे. त्यासाठी माझ्या टेपांची नक्कल करून नेली. नेताना गोड बोलले, परत आणून देताना शिपायाच्या हाती पाठवल्या. तरीही मूळ टेपा त्यांनाच द्याव्यात, कारण त्या दुसऱ्या कोणाच्या उपयोगाच्या नाहीत. अट एवढीच, की प्रत्येक टेपेवर चिकटवलेला माझा शेरा काढू नये. त्यातले काही इथे उतरवते, म्हणजे उद्या कोणी शेरे नव्हतेच असं म्हणायला नको.

तिजोरीचा भाग: उत्तम. खुनी कोण हे पहिल्या पाच मिनिटांत डोळ्यांसमोर ठेवलंय आणि तरी आपण मूर्खासारखे बागेतल्या माळ्यावर संशय घेत बसतो.

जुळ्या भावांचा भाग: लेखकाला लाज वाटायला हवी होती. जुळा भाऊ काढला की कोडं सुटत नाही, गळून पडतं.

विहिरीचा भाग: किल्ली कोणाकडे होती हे लेखक विसरला, म्हणून गुप्तहेरही विसरला, आणि शेवटी पंखा बंद करून सगळ्यांना घाम फोडण्यापलीकडे त्याच्याकडे काही उरलं नाही.

गायिकेचा भाग: गाणं चांगलं. बाकी गाण्याच्या मध्ये मध्ये येणारा खून.

यातली एक टेप वाहिनीला द्यायची नाही. ती कोणाची, ते पुढे.

कलम तीन. माझी स्वयंपाकघरातली बोथट कात्री आमच्या पुरवणीच्या तेव्हाच्या संपादकांना द्यावी. कार्यालयात त्यांना सगळे ‘कात्रीवाले’ म्हणत, त्यांच्या पाठीमागे आणि पुढे पुढे तोंडावरही. त्यांना राग येत नसे. उलट कौतुक वाटत असे.

वर्तमानपत्रातली एक रीत इथे सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. रात्री एखादी जाहिरात आली आणि पानावर जागा कमी पडली, की मजकूर तळातून कापतात. वाचून निवडत बसायला कोणाला वेळ नसतो. शेवटचा परिच्छेद उचलायचा आणि टाकायचा. म्हणून बातमीदार महत्त्वाचं आधी लिहितात. मला हे नोकरीच्या पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. पण मी रहस्यकथांवर लिहीत होते. माझं परीक्षणही तसंच असायचं. आधी संशय, मग आरोप, आणि निकाल अगदी शेवटी. वाचकांना तेच आवडायचं. कात्रीवाल्यांना मी हात जोडून सांगितलं होतं की माझं कापायचं तर मधलं कापा, सुरुवातीचं कापा, शेवटाला हात लावू नका. ते मान हलवायचे. मान हलवणं हा त्यांचा व्यायाम होता.

कलम चार. दाराशी उभ्या असलेल्या मोलकरणीचा भाग. ही टेप माझ्या मुलीला द्यावी.

त्या भागात मोलकरणीचं काम माझ्या मुलीने केलं होतं. टीव्हीवरचं तिचं ते पहिलं काम, आणि शेवटचंही. तेव्हा ती नाटकमंडळीबरोबर दुसऱ्या गावी राहत होती. मला तिने आधी सांगितलंही नव्हतं. सांगितलं असतं तर मी परीक्षण दुसऱ्या कोणाला लिहायला दिलं असतं, आणि ते तिला नको होतं. तिला माझंच परीक्षण हवं होतं. हे मला तिने नंतर सांगितलं, भांडताना.

मी जे लिहिलं त्यातलं जे छापून आलं ते असं: “मोलकरणीच्या भूमिकेतली नवी मुलगी पहिल्या प्रवेशापासून अवघडलेली आहे. हातांचं काय करावं हे तिला कळत नाही. समोरच्याच्या डोळ्याला ती डोळा देत नाही, आणि दाराशी अशी उभी राहते की जणू बसची वाट पाहते आहे. दिग्दर्शकाने हिला पुन्हा पुन्हा का दाखवावं, असा प्रश्न पडतो.”

इथे मजकूर संपला. त्याखाली पाण्याच्या टाकीची जाहिरात होती.

मी लिहिलेला पुढचा परिच्छेद असा होता: “पंखा बंद झाल्यावर उत्तर मिळतं. घरातलं कोण खोटं बोलतंय हे आपण शोधत बसलो, आणि खरं काय ते जाणणारी एकटी दाराशी उभी होती. तिचं अवघडणं हे तिने केलेलं काम होतं. ते इतकं बेमालूम होतं की या मालिकेत कुठल्याही नटाला आजवर न फसलेली मी फसले. शेवटी ती मान वर करून पंखेवाल्याकडे बघते, तेव्हा त्या कोटवाल्याचं दिवाणखान्यात काही काम उरत नाही. ही मुलगी माझी आहे. हे आधी सांगितलं असतं तर कौतुकावर कोणी विश्वास ठेवला नसता, म्हणून शेवटी सांगते.”

वर्तमानपत्र तिच्या गावी दुपारी पोचायचं. माझ्या भावाला तेवढा दम निघाला नाही. त्याने सकाळीच फोन करून तिला ते सगळं वाचून दाखवलं आणि वर स्वतःचं जोडलं, की तुझ्या आईला आपण किती निःपक्षपाती आहोत हे दाखवायचं होतं, त्यात तुझा बळी गेला. त्याला वाटलं तो भाचीची बाजू घेतोय. आयुष्यभर त्याला असंच काही ना काही वाटत आलं आहे.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. मला वाटलं रडेल, आदळआपट करेल. तिने आपलं कपाट रिकामं केलं, बॅग दारात ठेवली आणि शांतपणे म्हणाली, “आई, वाईट काम केलं म्हणालीस त्याचं मला काही नाही. तू मला ‘नवी मुलगी’ म्हणालीस.”

मी तिला परिच्छेदाचं सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. ती म्हणाली, “मग दाखव.”

दाखवायला काही नव्हतं. हाताने लिहिलेला कागद छापखान्यात जायचा आणि तिथूनच रद्दीत. मी कात्रीवाल्यांकडे गेले. म्हटलं, तो परिच्छेद उद्या छापा. ते म्हणाले, परीक्षणाचं शुद्धिपत्रक निघत नाही. म्हटलं, बरं, निदान माझ्या मुलीला फोन करून सांगा की तुम्ही कापलंत. एक वाक्य. तर म्हणाले, “पान कसं लावतो हे आम्ही लोकांच्या घरी सांगत बसत नाही.” आणि टाकीवाल्याच्या बिलावर सही करायला लागले.

मुलीने नाटक सोडलं. आता ती दुसऱ्या शहरात एका विमा कंपनीत आहे. लोकांचे दावे तपासते. गाडी खरंच चोरीला गेली का, आग खरंच लागली की लावली, हे शोधते, आणि कागद नसलेला दावा फेटाळते. त्यात तिचा हात धरणारं कोणी नाही असं ऐकते. आमचं बोलणं नाही असं नाही. ती फोन करते. गोळ्या घेतल्या का, रक्तदाब किती, पाणी येतं का. मी मध्येच जुना विषय काढला की ती म्हणते, “आई, डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली ना?” आणि मी थेंब घालायला उठते. असं म्हातारपण आलं.

हे सगळं मी एव्हाना गिळलं होतं. पण वाहिनीने मालिकेची स्मरणिका काढली. त्यात माझी जुनी परीक्षणं छापली आहेत, वर्तमानपत्रातून जशीच्या तशी उचललेली. मोलकरणीचं परीक्षणही आहे, ‘असा प्रश्न पडतो’ इथे संपणारं. आणि पहिल्याच पानावर कात्रीवाल्यांचा लेख आहे. त्यात ते लिहितात की बाईंच्या मजकुरातला एकही शब्द आम्ही कधी कापला नाही. हे वाचून मी वकिलांना बोलावलं. स्मरणिकेची एक प्रत वाहिनीवाल्यांनी मुलीलाही पाठवली आहे. त्या मूर्खांना वाटलं तिला आनंद होईल.

खोटं बोलणाऱ्या माणसाचं छापून आलं आणि माझं खरं रद्दीत गेलं, याचा मला संताप आहे. तो मरतानाही असेल. मी कात्रीवाल्यांना माफ केलेलं नाही, आणि माझ्या शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये. बोलायला उभे राहिलेच, तर शेवटची दोन वाक्यं कापावीत.

कलम पाच. हे राहतं घर, त्यातलं उरलेलं सामान आणि बँकेत जे काही असेल ते, सर्व माझ्या एकुलत्या एक मुलीला.

वकील भला माणूस आहे. चौथं कलम वाचून ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, आपण अट घालू. मुलीने तो परिच्छेद खरा असल्याचं मान्य करून लिहून द्यावं, मगच घर तिच्या नावावर व्हावं. कायद्यात बसवता येईल. एक क्षण मला मोह झाला, हे कबूल करते. तिच्या हातचा कागद, त्यावर ‘मान्य’ असं लिहिलेलं.

पण अट घातली तर ती मान्य करेल. घर हवेशीर आहे, बाजारपेठ जवळ आहे, आणि मुलगी व्यवहारी आहे. घरासाठी मान्य केलेलं मला नको.

म्हणून अट नाही. वाहिनीला घातली, मुलीला नाही. तिने विकावं, भाड्याने द्यावं, कुलूप लावून ठेवावं. स्मरणिकेतलं खरं मानावं की इथलं, हे तिचं तिने ठरवावं. इथलं फेटाळलं तरी घर तिचंच. खरं मानलं, तर ते ऐकायला मी नसेन. हे मला समजतं आणि समजून लिहिलं आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी. साक्षीदार म्हणून समोरच्या घरातल्या परिचारिका आणि इमारतीखालचे घड्याळदुरुस्तीवाले बसले आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असं वकील सांगतात, त्यामुळे दोघांना काहीही दिलेलं नाही. दोघं चहासुद्धा सही झाल्यावरच घेणार आहेत. इथवरचा सगळा मजकूर मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. चौथ्या कलमाला परिचारिकाबाई म्हणाल्या, “हे तिला आत्ताच फोनवर वाचून दाखवा ना.” मी म्हटलं, ती गोळ्यांचं विचारेल.

माझ्या सहीच्या वरचा कोणताही शब्द आता कोणाला काढता येणार नाही, असं वकिलांनी मला दोनदा सांगितलं. मी दोनदा विचारलं होतं.

ठिकाण: राहतं घर, बैठकीची खोली.
दिनांक: मोलकरणीचा भाग पुन्हा दाखवणार आहेत त्याच्या आदला दिवस. आकड्यातली तारीख वकिलांनी शिक्क्याखाली घातली आहे.

साक्षीदार:
१. समोरच्या परिचारिका (सही)
२. घड्याळदुरुस्तीवाले (सही)

सहीखाली ‘मृत्युपत्र करणारी’ असं लिहायची पद्धत आहे. ते वकिलांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. मी खोडलं.

(सही)
तिची आई