दोन ओळींखालची सही

॥ श्री ॥

जामनगर,
१२ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
उज्ज्वलाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आई तुमच्या वतीनं सगळं गोड करून सांगते, तेव्हा आपली पत्रंच बरी. आधीच्या मिलमध्ये लूमच्या खात्यात एकोणीस वर्षं खडखडाटात घालवलेले कान आता परत यायचे नाहीत. पण त्यापायी मला वडिलांच्या हातची पत्रं मिळतात, आणि ती मी इथं सगळ्यांना दाखवून मिरवते.

शेजारच्या प्रमिलाबाईंना माझं काम काय म्हणून सांगायचं, असं विचारलंत. सांगा की प्रवाळ म्हणजे अंगठीतला खडा नव्हे. ते बारीक जीव असतात. हजारो मिळून चुन्याची घरं बांधतात आणि त्या घरांच्या आडोशानं मासळी वाढते. इथल्या आखातातल्या आमच्या बेटाभोवती ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात ती दिसतात. गेल्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की तिसरा हिस्सा पांढरा पडला. त्यातले काही सावरले, तर आता त्यांच्यावर होड्यांचे नांगर पडतात.

उपाय आहे. होड्या बांधायला तरंगती पिंपं आणि दोर लावायचे, राखणीला तिथल्याच मच्छीमारांना तीन वर्षं पगारावर ठेवायचं, तुटलेले तुकडे पुन्हा बसवायचे. सरकारच्या एका योजनेत नव्वद लाख मंजूर होऊ शकतात, पण तेवढेच आम्ही खाजगीतून उभे करायला हवेत, तेही एकतीस मार्चच्या आत. नाहीतर पैसा दुसऱ्या किनाऱ्याला जाईल. आजवर अकरा लाख जमलेत. दोन कंपन्यांनी चहा पाजून परत पाठवलं. एकानं विचारलं की यात आमचा फोटो कुठे येईल, कारण पाण्याखालचं कुणाला दिसत नाही.

दादाला आणि मयुरीवहिनीला माझी आठवण सांगा. आईला सांगा, जेवते वेळेवर. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
उज्ज्वला


॥ श्री ॥

नवागाम, सुरत,
२६ जानेवारी २०२५

चि. उज्ज्वला हीस,
अनेक आशीर्वाद.

आधी बातमी सांगतो, मग बाकीचं. तुझं पत्र मी घरात मोठ्यानं वाचलं. तुझ्या दादानं, योगराजनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मिलमध्ये जयंतीशेठच्या कानावर घातलं. शेठनं तिथल्या तिथं सांगितलं की धुडकूची मुलगी म्हणजे आपल्या घरची, उरलेले एकोणऐंशी लाख मी देतो. कंपन्यांना नफ्यातला काही वाटा समाजाच्या कामाला द्यावाच लागतो म्हणे. शिवाय मिलचं नवं युनिट तुमच्याच आखाताच्या किनारी होतंय. तिथं नाव झालं तर त्यांना हवंच आहे.

आणि त्या युनिटचा मॅनेजर कोण, तर तुझा भाऊ. चौतिसाव्या वर्षी! मी अकरा वर्षं त्या मिलमध्ये आहे, पण शेठ कापडाच्या घड्या घालतो त्या घडीखात्यात येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले, हे परवा पहिल्यांदा झालं. काय बोलले ते ऐकू आलं नाही. मी हसलो.

तुझ्या आईनं शेवभाजी केली, प्रमिलाबाईंकडे वाटी पाठवली. तिचं एकच म्हणणं, समुद्राचं झालं, आता आंडेरच्या, म्हणजे लेकीच्या, लग्नाचं कधी. मी सांगितलं की आधी माशांची घरं होऊ दे.

शेठचा माणूस कागद घेऊन येईल, त्याला नीट चहापाणी कर. थंडीत पाण्यात फार वेळ राहू नकोस. आठवण ठेव, खुशाली कळव.

तुझे,
बाबा


॥ श्री ॥

जामनगर,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
उज्ज्वलाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

हे पत्र आधी एकट्यानं वाचा. घरात मोठ्यानं वाचू नका.

शेठचा माणूस आला. चेकचा फोटो दाखवला आणि सोबत एक कागद ठेवला. त्यात दोनच ओळी आहेत. नव्या युनिटचं रंगाचं पाणी साफ करून पाइपानं आखातात सोडलं जाईल आणि त्यानं प्रवाळांना कुठलाही धोका नाही, असं आमच्या संस्थेनं तपासलं आहे. खाली शास्त्रज्ञ म्हणून माझी सही. पाइपाचं तोंड आमच्या बेटापासून चार किलोमीटरवर आहे, हे मला त्या कागदावरून कळलं.

मी तपासलेलं नाही. सुरतेतल्या तुमच्या पांडेसऱ्याच्या मिलमधल्या साफ केलेल्या पाण्याचा नमुना मागितला, तर चार दिवसांत बाटली आली. पाणी इतकं स्वच्छ की प्यावंसं वाटेल. ती कुठं भरली, कुणी भरली, त्यावर काहीच लिहिलेलं नाही.

आमच्या प्रमुख स्वातीबेन म्हणाल्या की सही तुझी आहे, मी जबरदस्ती करणार नाही. पण त्यांनी हेही विचारलं की नकार दिलास तर एप्रिलमध्ये पुन्हा पाणी तापेल, तेव्हा आपल्याकडे काय असेल. रोज ओहोटीला जाते, नवे नांगराचे ओरखडे मोजते, आणि मनात येतं की दोनच तर ओळी आहेत.

दादाचा फोन आला होता. आवाज चढला, मी ठेवून दिला. त्यानंतर उचलला नाही.

तुम्ही अकरा वर्षं तिथं आहात. मिलचं पाणी खरंच साफ होऊन बाहेर जातं का? दुसऱ्या कुणाला विचारू? तुम्हाला अडचणीत टाकते आहे, हे कळतं. जे खरं असेल ते लिहा, नसेल लिहायचं तर तेही लिहा.

रागावू नका.

तुमची,
उज्ज्वला


सुरत,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. उज्ज्वलास,
आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस म्हणून बाबांसारखा कागद घेऊन बसलोय. शाळा सुटल्यापासून एवढं मराठी लिहिलं नाही, चुका काढू नकोस.

बाबा चार दिवस नीट जेवत नाहीत. तुझं पत्र खिशात घेऊन फिरतात, दाखवत नाहीत. काय विचारलंस ते मला कळतं. त्यांना यात ओढायला नको होतंस.

साधा हिशोब सांगतो. तुझे प्रवाळ गरमीनं मरतायत. आमच्या मिलनं समुद्र तापवलेला नाही. शेठचे पैसे घेतलेस तर अर्धे-अधिक वाचतील, नाही घेतलेस तर तू हात स्वच्छ ठेवून त्यांना मरताना बघशील. सुरतमध्ये कुणाचं पाणी शंभर टक्के साफ आहे, ते मला दाखव. याच पाण्यावर लाखभर माणसं पोट भरतात. तू गोव्याला शिकलीस तेव्हा फी कुठून आली? बाबांच्या पगारातून आणि माझ्या ओव्हरटाइममधून. तेव्हा विचारलं नाहीस की पाणी कुठं जातं.

शेठनं काल मला केबिनमध्ये बसवून विचारलं की बहिणीचं काही टेन्शन आहे का. मी म्हटलं, काही नाही, सही येईल. माझा शब्द गेलाय. मयुरीनं तिकडच्या घरासाठी पडद्याचं कापडसुद्धा काढून ठेवलं आहे.

होळीच्या आत सही पाठव. मोठा भाऊ म्हणून काही मान उरला असेल तर एवढं ऐक.

योगराज


॥ श्री ॥

नवागाम, सुरत,
६ मार्च २०२५

चि. उज्ज्वला हीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तीन वेळा लिहून फाडलं.

नाही, पाणी साफ होऊन जात नाही. साफ करायचा प्लांट आहे, चालतोही, पण तपासणीला कुणी यायचं असलं की. मिलमध्ये लागलो तेव्हा पहिली दोन वर्षं मी बॉयलरच्या मागे पंपावर होतो. तिथं जमिनीलगत लोखंडी चाक आहे. ते फिरवलं की रंगाचं पाणी प्लांटकडे न जाता जुन्या पाइपानं थेट खाडीत पडतं. पावसात खाडी भरून वाहते, रंग कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून पाऊस लागला की सुपरवायझर लांबून हात हलवायचा आणि मी चाक फिरवायचो. ऐकू न येणारा माणूस त्या जागी मुद्दाम ठेवला असेल, असं आता वाटतं. मला कुणी काही सांगितलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही.

हे मी तुझ्या आईलासुद्धा बोललो नव्हतो. गेल्या पावसाळ्यात भगवान नावाचा लातूरकडचा नवा गडी तेच चाक फिरवताना पाहिला. मी मान खाली घातली आणि घडीखात्यात गेलो.

तुझ्या फीचे पैसे त्याच पाण्यातले, असं योगराज घरातही बोलला, ते खरं आहे. पण त्या पैशानं तू जे शिकलीस, त्यावर खोटी सही करायला मी सांगणार नाही.

पत्र टाकायच्या आधी मी योगराजला समोर बसवून हे सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की मी प्रदूषणाच्या सरकारी ऑफिसात जाऊन माझ्या नावानं लिहून देणार आहे. तो ताटावरून उठला. मयुरीला घेऊन उधन्याला सासुरवाडीला गेला, अजून आलेला नाही. तुझी आई माझ्याशी बोलत नाही. एरवी बोलली तरी मला ऐकू येत नाही, पण न बोललेलं बरोबर कळतं.

तू ठरव. माझी काळजी करू नकोस. मी काही तुझ्यासाठी जात नाही, मला जायचं आहे म्हणून जातो.

जीव लावून आहोत, विसरू नकोस.

तुझे,
बाबा


॥ श्री ॥

जामनगर,
२९ मार्च २०२५

ती. बाबांस,
उज्ज्वलाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र मी जेट्टीवर बसून वाचलं. ते कुणाला दाखवलं नाही. शेठना कळवलं की सही करणार नाही, वर्षभर दर महिन्याला मी स्वतः पाणी तपासेन, मग काय ते लिहीन. त्याच संध्याकाळी त्यांच्या माणसानं देऊ केलेले पैसे मागे घेतल्याचा निरोप पाठवला.

अठरा दिवस उरले होते. मी आणि स्वातीबेन वेरावळच्या एका मासळीच्या व्यापाऱ्याकडे तीन वेळा गेलो. दोनदा भेटले नाहीत. तिसऱ्यांदा मी त्यांना त्यांच्याच खरेदीचे पाच वर्षांचे आकडे मांडून दाखवले, प्रवाळाकाठची शेवंड, म्हणजे लॉबस्टर, कशी कमी होत गेली ते. पंधरा लाख दिले. मग इथले मच्छीमार. बेट राखायचं म्हणजे आपली मासेमारी बंद, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांच्या सोसायटीचे प्रमुख हारुनभाई सभेत उठून म्हणाले की ही पोरगी भावाच्या शेठला नाही म्हणून आलीय, हिचं एकदा ऐका. त्यांना कुठून कळलं, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी होड्यांच्या दुरुस्तीच्या फंडातून नऊ लाख आले. अट एवढीच की राखणीच्या नोकऱ्या आधी त्यांच्या मुलांना.

अकरा, नऊ आणि पंधरा मिळून पस्तीस झाले. नव्वद झाले नाहीत. मी काल गांधीनगरला जाऊन योजनेच्या साहेबांना विचारलं की आता सगळंच बुडालं का. ते म्हणाले, नियम बरोबरीचा आहे, तुम्ही जेवढे आणाल तेवढे सरकार देईल. म्हणजे सत्तर. कागद त्यांनी ठेवून घेतले.

सत्तर लाखांत अख्खं बेट होत नाही. नकाशावर रेघ ओढायची होती आणि ती मलाच ओढायला लावली. पश्चिमेचे प्रवाळ गेल्या उन्हाळ्यात जास्त तगले, म्हणून ते घेतले. पूर्वेची बाजू सोडली. पाच वर्षांपूर्वी मी मोजणी शिकले ती पूर्वेलाच. रेघ ओढून झाल्यावर स्वातीबेननी नकाशा गुंडाळून घेतला.

सही केली असती तर ती बाजूही वाचली असती का, हे मला कुणी सांगू शकत नाही. तुम्हीही सांगू नका.

तुम्ही ऑफिसात गेलात का? दादा परत आला का? आईला म्हणावं, बाबांशी बोल.

तुमचा हात माझ्या डोक्यावर असू द्या.

तुमची,
उज्ज्वला


नवागाम, सुरत,
१४ एप्रिल २०२५

चि. उज्ज्वलास,
आशीर्वाद.

बाबांनी लिहायला सांगितलं की ते बरे आहेत. कामावरून काढलं आहे, पण बरे आहेत. बाकीचं मीच लिहितो.

एकवीस मार्चला ते ऑफिसात गेले. हातानं लिहिलेला अर्ज, खाली नाव, पत्ता, आणि मीच चाक फिरवायचो हे वाक्य. ३ एप्रिलला त्या ऑफिसचे साहेब मिलमध्ये आले. शेठनी त्यांना प्लांट दाखवला. सगळं चालू होतं, पाणी काचेसारखं. बॉयलरमागच्या चाकावर ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या, कापडाचे तागे रचून ठेवले होते. ते रचायला मीच सांगितलं होतं, शेठच्या हुकमानं.

साहेबांनी बाबांना बोलावलं. शेठ हसत म्हणाले की हा माणूस बहिरा आहे, डोक्यानंही जरा हललाय, आणि मुलाला विचारा म्हणाले. सगळे माझ्याकडे वळले. बाबांना काही ऐकू आलं नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, ओठांवरून काही कळतं का म्हणून. मी बरंच काही ठरवून आलो होतो. ते सगळं सोडलं. मी गेलो आणि तागे उचलायला लागलो. सहा-सात उचलले असतील, मग भगवान पुढे आला, तोही उचलू लागला. चाक दिसलं. साहेबांनी फोटो काढले.

मिलला नोटीस आली आहे. नव्या युनिटची परवानगी अडकली. पुढे काय होईल ते माहीत नाही, शेठकडे वकील आहेत. माझ्याकडून त्यांनी कंपनीच्या गाडीची चावी मागून घेतली, माझंही काम गेलं. भगवानलाही काढलं, त्याचं मला जास्त लागलं. उधन्याला एका लहान मिलमध्ये त्याच्यासाठी आणि माझ्यासाठी शब्द टाकलाय.

मी आणि मयुरी घरी परत आलो. मयुरी बोलते, पण पडद्याचं कापड तिनं परत केलं. आई मला आणि बाबांना सारखंच वाढते आणि दोघांशीही बोलत नाही. काल मात्र बाबांच्या ताटाजवळ बसली आणि चाकाबद्दल मला का नाही सांगितलं, असं त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं. प्रमिलाबाईंच्या घरापर्यंत ऐकू गेलं. बाबांनाही ऐकू गेलं.

तू बरोबर होतीस असं सांगायला हे लिहीत नाहीये. माझी मॅनेजरी गेली, तो राग आहे अजून. तुझं बाबांना आलेलं पत्र वाचलं, त्यांनी दिलं. मे महिन्यात येईन. दोर, पिंपं ओढायला माणूस लागत असेल तर मी आहे, मजुरी धरू नकोस. पण आधी मला पूर्वेला ने. रेघेच्या बाहेर राहिलेलं बघायचं आहे.

राग ठेवूनही जेवढी माया करता येते तेवढी कर.

तुझा,
योगराजदादा