नियम क्रमांक चार

९ नोव्हेंबर
सोसायटीच्या ग्रुपवर परत भांडण. पार्किंगवरून सुरू, थेट बापापर्यंत. अ‍ॅडमिन मी. कंटाळा आला यार. ठरलं, आचारसंहिता! अकरा नियम लिहायला घेतले, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचा दत्ताराम किल्ली ठेवायला आला. काहीतरी सांगत होता, हो हो म्हटलं. तीस वर्षांचा दोस्त, पण माणूस टाइप करतोय हे कळत नाही त्याला. किल्ली बायकोने, सुनंदाने, माझ्या खुर्चीवरच्या खिळ्याला अडकवली.

१० नोव्हेंबर
नियम टाकले. नियम चार सगळ्यात झकास: कुणावरही आरोप करण्याआधी त्याला फोन करून विचारावे. अठ्ठेचाळीस मेंबर, तीन अंगठे. एक माझाच. खाली लगेच तळमजल्यावरच्या राजेशचं गुड मॉर्निंगचं गुलाब. नियम सात वाचलाच नाही शहाण्याने.

१२ नोव्हेंबर, संध्या. ७
सकाळपासून घाण वास. डोकं उठलं. कांजूरमध्ये जन्म गेला, माझं नाक चुकत नाही. दत्तारामच्या गॅलरीतले सुके बांगडे! वनमालावहिनी वाळत घालतात. ग्रुपवर लिहिलं, तिसऱ्या मजल्यावरच्यांनी इतरांच्या नाकाचाही विचार करावा. नाव घेतलं नाही. सभ्यता ती हीच. फोन केला नाही, घरच्या माणसाला कसला फोन?

७.४०
सव्वीस अंगठे. रेकॉर्ड.

१३ नोव्हेंबर
दत्तारामने ग्रुप सोडला. एक शब्द बोलला नाही. नियम नऊ, नाराजी शांतपणे व्यक्त करावी. म्हणजे नियम लागू पडतायत.
सुनंदाने विचारलं, ते दोघं रविवारपासून गावी जत्रेला गेलेत, मग बांगडे वाळत घातले कोणी? किल्ली तुमच्या डोक्यावर लटकतेय, म्हणाली.
वास कांजूरच्या डम्पिंग ग्राउंडवरच्या कचऱ्याचा होता. वारा फिरला की येतोच.

१४ नोव्हेंबर
नियम पाच: चूक झाल्यास चोवीस तासांत माफी. मसुदा तयार. 'जर कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर...' सुनंदा म्हणते 'जर' काढा. बघू. घाईत माफी मागू नये.

१६ नोव्हेंबर
माफी टाकली. एकतीस अंगठे! मग लक्षात आलं, दत्ताराम ग्रुपवर नाहीच. फोन लावणार होतो. गावाला रेंज नसते.

२० नोव्हेंबर
दत्ताराम आला. बेल ओळखली. मी बाथरूममध्ये, नळ सोडून उभा. त्याने किल्ली घेतली, दरवर्षीसारखा जत्रेतला खाजा दिला. सुनंदाला म्हणाला, वहिनी, अनंताक सांगा, आधी वास घेवंदे, मगे खावंदे.
घेतला वास. आलं आणि गूळ. फार वाईट वाटलं. खाजा तसाच बांधून ठेवला. मी पहिल्या मजल्यावर, तो तिसऱ्या. दोन जिने. उद्या नक्की जातो.

२१ नोव्हेंबर
गुडघा.

२३ नोव्हेंबर
गुडघा. शिवाय रविवारी लोकांना त्रास देऊ नये.

२९ नोव्हेंबर
ग्रुपवर आठवडाभर भांडण नाही. आचारसंहिता यशस्वी.
दत्ताराम आणि वहिनी आज लेकीकडे गेले, चार दिवसांसाठी. खिडकीतून दिसले. किल्ली राजेशकडे ठेवली.
सुनंदा म्हणाली, खिळा काढून टाकू का, उगाच डोक्याला लागतो.
राहू दे म्हटलं.