नुसत्या वासासाठी

डॉर्नहोप, हेरफर्डशर
११ ऑक्टोबर १९८७

प्रिय रोलंड,

तू, जोन आणि पोरं मजेत असाल असं धरून चालते. इकडे सगळं ठीक, असं लिहायची आपल्या घरात पद्धत आहे, म्हणून लिहून टाकते. यंदा सफरचंदं अमाप आली. मिसेस प्रॉसरच्या कुत्रीला पिल्लं झाली. माझा गुडघा कुरकुरतोच आहे.

डॅडची घरी केलेली नवी बीअर तयार झाली. तुझ्यासाठी चार बाटल्या बाजूला काढून ठेवल्यात, टोरांटोला जाणारं कुणी भेटलं की पाठवणार म्हणे. देव त्या माणसाला सुखरूप ठेवो आणि बाटल्या वाटेत फुटोत.

कारण रोलंड, ती बीअर घाण आहे. चवीचं सोड, पण वास! महिनाभर न धुतलेल्या मोज्यांत जुनं चीज बांधून ठेवावं तसा. ग्लास नाकाजवळ आणला की मी तोंड फिरवते. बीअर आंबवायच्या बादलीचं झाकण उघडतात तेव्हा मी अंगणात पळते.

मागच्या हिवाळ्यात त्यांना एका शेतावरून हॉप्सच्या, म्हणजे बीअरला कडवट चव आणि वास देणाऱ्या फुलांचं पोतं फुकट मिळालं. छपराखाली तीन-चार वर्षं पडून होतं. जुन्या हॉप्सना पायाच्या घामासारखा वास येतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बरं, उकळताना घातली असती तर एक वेळ निभावलं असतं. पण डॅड बीअर आंबून शांत झाल्यावर ती कोरडीच टाकतात, मलमलच्या पिशवीत बांधून, आणि आठवडाभर तशीच ठेवतात. नुसत्या वासासाठी. त्या फुलांचं तिथे दुसरं काही कामच नसतं. आधी मूठभर टाकायचे, आता पिशवी इतकी फुगलेली असते की बादलीत कोंबावी लागते.

आणि हे कशामुळे? तू लिहिलंस म्हणून. ‘डॅड, काय सुगंध! पुढच्या वेळी अजून घाला!’ तेच ईस्टरला इथे आलास तेव्हा तू माझ्या डोळ्यांदेखत ग्लास जिरेनियमच्या कुंडीत ओतलास आणि ओठ पुसत आत येऊन म्हणालास, ‘वा!’ तेव्हा मला हसू आलं होतं. आता त्या ‘वा’ची शिसारी येते.

मंगळवारी मिसेस प्रॉसरचा फोन आला. “अगं बाई, लवकर ये! तुझ्या बापाच्या घरातून गॅसचा वास मारतोय, पार रस्त्यापर्यंत! मी खिडकीवर ठोकलं तर आतून मला हात हलवून दाखवतोय!”

दारातच गॅसचा भपकारा आला. शेगडीचं बटण पूर्ण उघडं, ज्योत विझलेली, वर किटली. आणि डॅड शेजारी खुर्चीत बसून पाइपमध्ये तंबाखू भरत होते. काडेपेटी मांडीवर होती. मी ती हिसकावली, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या.

“काय गं,” ते म्हणाले, “आग लागल्यासारखी काय धावतेस?”

त्यांना खरंच काही कळलं नव्हतं. थट्टा नव्हती ती.

नंतर मी त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि स्पष्ट सांगितलं, डॅड, तुम्हाला वास येत नाही. असे भडकले म्हणून सांगू! “मला वास येत नाही? मला? मग ही बीअर काय प्रॉसरबाईच्या कुत्रीने केली? रोलंडला विचार जा!” मी म्हटलं, त्या बीअरलाच घाण वास येतो. तर म्हणे, “तू शेरी पिणारी बाई. तुला त्यातलं काय कळतं?” डॉक्टरकडे येणार नाहीत. माझ्याकडे राहायला येणार नाहीत. विजेची शेगडी नको. प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर: रोलंडला विचार.

तू ज्याला गोड बोलणं म्हणतोस, त्याच्या आडोशाला तो माणूस पेटती काडी घेऊन बसला आहे. तुझा राग येतो असं लिहिणार होते, पण राग नाही, किळस आहे. ते मन राखणं, ते ‘वा’. आपल्या घरातला तो जुना रोग, आणि मीही त्यातून सुटलेली नाही. कशी ते वाच.

आज जेवायला गेले होते. त्यांनी मला ग्लास भरून दिला, मी पहिला घोट घेतला. ते बटाटे वाढत होते, वर न बघता म्हणाले, “मुरी, रोलंड उगाच तर नाही ना लिहीत?”

घोट तोंडात होता. थुंकला असता तर उत्तर मिळालं असतं त्यांना. मी तो गिळला. मग म्हटलं, “त्यालाच विचारा की.”

“नको,” डॅड म्हणाले. “खोटं निघालं तर बिचाऱ्याला ओशाळल्यासारखं होईल.”

तेव्हा आता तूच लिही. मला नको, त्यांना लिही, आणि त्यात कुठेही साखर घालू नकोस. होऊ दे तुला ओशाळल्यासारखं. ते जिवंत असताना हो.

अजूनही तुझीच,
मुरियल